गेम खेळण्यात माझी २४ वर्षं वाया गेली का?

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. वय ३६. बाराव्या वर्षापासून गेम खेळता. नोकरी नीट चालली आहे, संसारही. तरी ऑफिसात कुणी छंद विचारला की 'वाचन' सांगता, आणि रात्री सगळे झोपले की दार लावून, हेडफोन घालून खेळायला बसता. गेल्या महिन्यात ९ वर्षांच्या मुलाने विचारलं, "बाबा, तुम्ही खेळताना दार का लावता?" तेव्हा तुम्हाला उत्तर सुचलं नाही. म्हणून तुम्ही विचारता आहात की ही २४ वर्षं वाया गेली का, आणि गेमच्या धंद्याला लोक जी नावं ठेवतात त्यात तथ्य आहे का.

मी १७ वर्षं गेम डिझायनर म्हणून काम करते आहे. आधीची बरीच वर्षं मोबाइल गेममध्ये गेली, आता कन्सोल (टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र) आणि पीसीसाठी गेम करणाऱ्या एका लहान टीममध्ये आहे. तेव्हा मी तटस्थ नाही, हे आधी सांगते. या माध्यमावर माझा जीव आहे आणि या धंद्यावर माझा रागही आहे.

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. गेम माणसाला बिघडवतात का, हा एक. गेम विकणारा धंदा सचोटीने चालतो का, हा दुसरा. आणि तुम्ही दिलेल्या तासांतून तुमच्या हाती काय लागलं, हा तिसरा. पहिल्याबद्दल बरंच काही ठामपणे सांगता येतं. दुसरा मी आतून पाहिला आहे. तिसऱ्याचं उत्तर तुमच्याकडेच आहे, ते शोधायचं कसं एवढं मी सांगू शकते.

त्याआधी एक गोष्ट बाजूला काढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात 'गेमिंग डिसऑर्डर' अशी नोंद आहे, आणि तिचे निकष तासांवर बेतलेले नाहीत. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येतो, नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं, त्यापायी घर, शिक्षण, काम यांची खरोखर पडझड होते, आणि हे साधारण १२ महिने चाललेलं असतं. यातलं काही तुमच्या घरात घडत असेल तर माझं उत्तर राहू द्या, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही. आठवड्याला आठ-दहा तास, झोप पुरी, कामात खंड नाही. पण मी तुम्हाला ओळखत नाही. तुमची बायको ओळखते, तिला एकदा सरळ विचारा आणि ती जे सांगेल ते ऐकून घ्या.

आता बदनामीकडे येते. ती जवळजवळ गेमइतकीच जुनी आहे. १९७६ साली 'डेथ रेस' नावाचं नाणं टाकून खेळायचं मशीन आलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या काड्यांसारख्या आकृत्या पळायच्या. त्यांच्यावर गाडी घातली की बारीकशी किंचाळी ऐकू यायची आणि तिथे एक क्रॉस उगवायचा. आज ते चित्र पाहिलं तर माणूस आहे की बाहुली हेही कळत नाही, पण त्यावरून तेव्हा मोठा गदारोळ झाला. मग १९९३ मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट'सारख्या गेमवरून अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावणी झाली, आणि सरकारने कायदा करण्याआधी उद्योगानेच १९९४ मध्ये वयानुसार मानांकन देणारं ईएसआरबी हे मंडळ उभं केलं. २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लहान मुलांना हिंसक गेम विकायला बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा ७ विरुद्ध २ मतांनी रद्द ठरवला. निकालपत्रात परीकथांमधल्या क्रौर्याचाही दाखला आहे.

संशोधन काय म्हणतं? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये आपला ठराव सुधारला. हिंसक गेममुळे खरीखुरी हिंसा घडते असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमकपणाशी मात्र छोटासा संबंध आढळतो, असंही म्हटलं आहे. आमच्या क्षेत्रातले लोक यातलं पहिलं वाक्य मोठ्याने सांगतात आणि दुसरं गिळून टाकतात. मला ते पटत नाही. हरल्यावर तुम्ही कंट्रोलर आपटत असाल तर ते तुमच्या मुलाला दिसतंच.

पण बदनामीबद्दल माझी खरी तक्रार वेगळी आहे. इतकी वर्षं सगळ्यांचं लक्ष गेममधल्या बंदुकीवर खिळून राहिलं. मी काय काम करते हे कळलं की पालक हमखास विचारतात, "तुमच्या गेममध्ये मारामारी असते का हो?" आजवर एकाही पालकाने मला असं विचारलेलं नाही की तुमचा गेम पैसे कधी आणि कसे घेतो. माझ्या मते आधी विचारायला हवं ते हेच.

कारण गेमची घडण त्यावर ठरते. आर्केडच्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या, मशीनला नाणं हवं असायचं. त्यामुळे खेळणारा काही मिनिटांत हरला पाहिजे, आणि हरूनही त्याचा हात पुन्हा खिशाकडे गेला पाहिजे, असा त्या खेळांचा अवघडपणा बेतलेला होता. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शत्रू मरत जातात तसतसे उरलेले वेगाने सरकायला लागतात. तो गेम बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांनी हे आधी ठरवून केलेलं नव्हतं. पडद्यावरच्या आकृत्या कमी झाल्या की त्या काळच्या यंत्राचं ओझं हलकं व्हायचं आणि बाकीच्या झपाट्याने हलायच्या. खेळ रंगतोय हे पाहून त्यांनी ते तसंच ठेवलं. आमच्या कामाच्या इतिहासातला हा माझा सर्वांत लाडका अपघात आहे.

पुढे डब्यातून विकले जाणारे गेम आले. पैसे एकदाच, सुरुवातीला. विकत घेतल्यावर तुम्ही ४ तास खेळा की ४०, कंपनीच्या गल्ल्यात तेवढेच पैसे. अशा गेमला शेवट असू शकतो, आणि तो चांगला असला तर तुम्ही मित्राला सांगता, म्हणून तो नीट करण्यात कंपनीचाही फायदा असतो. मग आले फुकट गेम. उतरवून घ्यायला काही पडत नाही, पैसे नंतर, थोडेथोडे, कायम. तिथे डिझायनरसमोर सतत एक आकडा असतो. पहिल्या दिवशी आलेल्यांपैकी दुसऱ्या दिवशी किती परत आले, सातव्या दिवशी किती, तिसाव्या दिवशी किती. याला आम्ही रिटेन्शन म्हणतो. खेळणाऱ्यांपैकी बहुतेक जण एक पैसाही देत नाहीत. उत्पन्नाचा मोठा वाटा मूठभर लोकांकडून येतो आणि त्यांना धंद्यात 'व्हेल' म्हणतात. जित्याजागत्या माणसांसाठी देवमासा हा शब्द मीटिंगमध्ये इतका सहज वापरला जातो की महिनाभरात तो कानाला खटकेनासा होतो. मलाही खटकेनासा झाला होता.

तेव्हाची एक गोष्ट सांगते. एका मोबाइल गेममध्ये रोजच्या हजेरीचं बक्षीस मी आखलं होतं. दररोज गेम उघडला की एक भेट, आणि सलग जितके दिवस याल तितकी भेट मोठी. एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा १ वर. मोजणी तुटताना दिव्यांची माळ एकेक करून विझते, असं अ‍ॅनिमेशन मी स्वतः सुचवलं होतं. सगळ्यांना फार आवडलं. सातव्या दिवसाचा आकडा वर गेला, माझं कौतुक झालं. तीनेक महिन्यांनी मदतकक्षाकडे आलेला एक निरोप आमच्या टीमपर्यंत पोचला. एका बाईंनी लिहिलं होतं की त्यांचे वडील अतिदक्षता विभागात होते, डॉक्टर बोलायला बाहेर आले तेव्हा त्या बाकावर बसून आमचा गेम उघडत होत्या. १६१ वा दिवस होता, माळ विझू नये म्हणून. वडील त्याच आठवड्यात गेले. त्यांची तक्रार काहीच नव्हती. खातं कायमचं बंद कसं करायचं, एवढंच विचारलं होतं.

मी तो निरोप छापून मीटिंगला नेला. दिवस चुकला तर मोजणी मागे नेऊ नका, जिथे होती तिथेच राहू द्या, एवढं माझं म्हणणं होतं. चार महिने रेटल्यावर दोन दिवसांची सवलत मिळाली. दिव्यांची माळ तशीच राहिली. पुढच्या वर्षी मी ती नोकरी सोडली. सोडायला वर्ष लागलं, कारण घर चालवायचं होतं. हे लपवण्यात अर्थ नाही.

म्हणून धंद्याला लोक नावं ठेवतात तेव्हा मला त्यांना सांगावंसं वाटतं की ठेवा, पण नेमकी ठेवा. पैसे देऊन पेटी घ्यायची आणि आत काय निघेल ते नशिबावर, हा लूट बॉक्सचा प्रकार बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये जुगार ठरवला. मला तो निर्णय योग्य वाटतो. कधी बक्षीस मिळेल याचा अंदाज लागत नसला की माणूस जास्त वेळ कळ दाबत राहतो, हे मानसशास्त्राला गेम येण्याच्या आधीपासून ठाऊक आहे. आम्ही ते ज्ञान लहान मुलांच्या हातातल्या यंत्रात घातलं.

आणि गेम बनवणाऱ्यांना धंद्याने कसं वागवलं, हेही नावं ठेवण्यासारखंच आहे. अटारी कंपनी गेमवर बनवणाऱ्याचं नाव छापत नसे. म्हणून वॉरन रॉबिनेट यांनी 'अ‍ॅडव्हेंचर' या गेममध्ये एक गुप्त खोली करून तिच्यात आपलं नाव लिहून ठेवलं. याच कारणाने तिथले चार प्रोग्रामर बाहेर पडले आणि १९७९ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन ही गेम कंपनी सुरू झाली. १९८२ मध्ये अटारीने 'ई.टी.' या चित्रपटावरचा गेम हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना पाच-सहा आठवड्यांत करायला लावला आणि तो पडल्यावर जगातला सर्वांत वाईट गेम म्हणून पिढ्यानपिढ्या त्यांच्याच नावाने बोटं मोडली गेली. त्यांना दिलेली मुदत मात्र कंपनीची होती. गेम बाहेर पडण्याआधीच्या रात्रंदिवस राबण्याला आम्ही क्रंच म्हणतो. मी सलग अकरा आठवडे, रविवार धरून, केलेलं आहे. त्या गेमच्या शेवटच्या दोन लेव्हल्स वाईट आहेत आणि त्या का वाईट आहेत हे मला माहीत आहे. आम्ही झोपेत होतो. २०२३ आणि २०२४ मध्ये या क्षेत्रात जगभर हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. माझ्याहून चांगलं काम करणारी माणसं त्यात होती.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर गेम माणसाला हिंसक करतात हा आरोप टिकत नाही, गेम माणसाचा वेळ आणि पैसा चलाखीने काढून घेऊ शकतात हा टिकतो, आणि तो सगळ्या गेमना सारखा लागू होत नाही. तुमच्या २४ वर्षांचा हिशोब करताना हा फरक लक्षात ठेवा.

आता मी अजून इथे का आहे, ते सांगते.

उडी मारायच्या गेममध्ये कडा संपल्यावर बटण दाबलं तर तुम्ही पडायला हवं. पण चांगल्या गेममध्ये पडत नाही. कडा सुटल्यानंतरही सेकंदाचा साधारण दहावा भाग गेम तुमची उडी मान्य करतो. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं सरकतात असं धरलं तर सहा चित्रं. याला 'कायोटी टाइम' म्हणतात, त्या कार्टूनमधल्या कायोटीवरून, जो कड्यावरून पुढे धावत जातो आणि खाली बघेपर्यंत हवेतच राहतो. खेळणाऱ्याला ही सवलत कधी दिसत नाही. त्याला एवढंच वाटतं की उडी बरोबर बसली.

आमच्या आत्ताच्या गेमच्या एका चाचणीला साठीच्या एक बाई आल्या होत्या. कंट्रोलर आयुष्यात पहिल्यांदा हातात धरलेला, तोही उलटा. पहिल्याच खड्ड्यात त्या चौदा वेळा पडल्या. काचेमागे मी मोजत होते. दर वेळी त्या बटण जरा उशिरा दाबत होत्या, आणि दर वेळी पडल्यावर पुढे झुकून "थांब, थांब" असं त्या पात्रालाच म्हणत होत्या. पंधराव्या वेळी पार गेल्या. कंट्रोलर मांडीवर ठेवला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हसल्या. त्या संध्याकाळी आम्ही ती सवलत चार चित्रांवरून सहावर नेली, पण खड्डा भरून टाकला नाही. तो भरला असता तर त्यांना हसण्यासारखं काही राहिलं नसतं.

गेममध्ये जे घडतं ते तुमच्या हातून घडतं, हे या माध्यमाचं बळ आहे. लुकास पोप यांच्या २०१३ च्या 'पेपर्स, प्लीज'मध्ये तुम्ही एका काल्पनिक देशाच्या सीमेवर कागदपत्रं तपासणारे कारकून असता. एक माणूस येतो, त्याचे कागद बरोबर असतात, तुम्ही शिक्का मारता. जाता जाता तो सांगतो, मागे माझी बायको आहे, तिच्याशी नीट वागा. ती येते आणि तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नसतो. तिला सोडलं तर तुमच्या नावे चूक लागते, आणि घरी तुमच्या बायकामुलांना अन्न, ऊब, औषध यांसाठी त्या दिवसाची कमाई पुरवायची असते. शिक्का तुमच्या हातात आहे. पडद्यावर दुसऱ्या कुणाला हा निर्णय घेताना पाहिलं असतं तर त्याला नावं ठेवून मोकळी झाले असते. इथे मीच लाल शिक्का मारला, आणि दोन दिवस मला तो आठवत राहिला.

चांगल्या कामाची उदाहरणं भरपूर आहेत. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चार वर्षांहून जास्त काळ खपून 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम केला आणि २०१६ मध्ये तो बाहेर आला. 'फोल्डइट' या गेमच्या खेळाडूंनी २०११ मध्ये माकडांना होणाऱ्या एका विषाणूच्या विकराची रचना सुमारे तीन आठवड्यांत शोधून दिली, जी शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून अधिक काळ सापडत नव्हती. न्यू यॉर्कच्या मॉडर्न आर्ट संग्रहालयाने २०१२ मध्ये १४ गेम आपल्या संग्रहात घेतले, त्यात 'टेट्रिस' आणि 'पॅक-मॅन'ही आहेत. पण गेम खेळण्याचं समर्थन म्हणून ही यादी कुणापुढे नाचवू नका. तुम्ही खेळता ते विषाणूंसाठी नाही, आणि तसं असण्याची गरजही नाही. गाणं ऐकणाऱ्याकडे कुणी असा हिशोब मागत नाही.

मग तुमची २४ वर्षं कशी मोजायची? मी दोन प्रश्न विचारते, स्वतःच्या कामालाही आणि खेळतानाही.

पहिला असा, की हा गेम मला उठून जाऊ देतो का? चांगल्या गेममध्ये उठायच्या जागा असतात. लेव्हल संपते, पात्र झोपायला जातं, प्रकरण मिटतं, आणि आपण श्वास सोडतो. त्या जागा आम्ही विचार करून ठेवतो. वाईट गेममध्ये त्या तितकाच विचार करून काढून टाकलेल्या असतात. एक काम संपायच्या आत दुसऱ्याचा काटा फिरायला लागलेला असतो.

दुसरा प्रश्न असा, की बंद केल्यानंतर माझ्याजवळ काय उरलं? एखादं दृश्य, एखादी पुन्हा करून बघावीशी वाटणारी चाल, एखाद्या दूरच्या मित्राशी झालेल्या गप्पा, किंवा नुसता हलका झालेला मेंदू, काहीही चालेल. काहीच उरलं नसेल आणि फक्त 'आज चुकलं नाही' एवढंच समाधान असेल, तर ते तास तुमच्याकडून काढून घेतलेले आहेत.

पंधरा दिवस एका कागदावर लिहा. कोणता गेम, किती वेळ, उठताना कसं वाटलं, तीन-चार शब्दांत. माझा अंदाज आहे की तुमचे आठ-दहा तास एकसारखे निघणार नाहीत. काही गेम असे सापडतील ज्यांच्याबद्दल तुम्ही तासभर बोलू शकाल, आणि एक-दोन असे, ज्यांचं नाव सांगतानाही कंटाळा येईल. ते एक-दोन काढून टाका. फोनवरच्या गेमच्या सूचना आजच बंद करा. सलग दिवसांची मोजणी कुठे चालू असेल तर ती जाणूनबुजून एक दिवस तोडा आणि काय वाटतं ते बघा. हे सोपं जाणार नाही. मी माझी तोडली तेव्हा रात्री अकराला फोन हातात घेऊन बसले होते.

तुमची लाज मला समजते. मीही कित्येक वर्षं 'सॉफ्टवेअरमध्ये आहे' एवढंच सांगत असे. पण बंद दारामुळे तुमचा मुलगा काय शिकतो आहे बघा. बाबा आत जे करतात ते लपवण्यासारखं आहे, हे तो शिकतो. आणि थोड्याच वर्षांत त्याच्या हातातही फोन येईल, त्यात दिव्यांच्या माळा असतील, आणि त्यांच्याबद्दल तो कुणाशी बोलणार? २४ वर्षं खेळलेल्या माणसाला कोणता गेम प्रामाणिक आहे आणि कोणता नाही हे वासावरून कळतं. हे ज्ञान फार कमी आईवडिलांकडे आहे, आणि ते तुम्ही त्या २४ वर्षांतच मिळवलंत.

तेव्हा दार उघडा. त्याच्या वयाचं मानांकन असलेला, एकदाच पैसे घेणारा आणि शेवट असलेला एखादा गेम निवडा. रविवारी दिवसाउजेडी, बाहेरच्या खोलीत बसा. कंट्रोलर त्याच्या हातात द्या. पहिल्या खड्ड्यात तो पडेल. पुन्हा पडेल, आठ-दहा वेळा पडेल, तुमच्याकडे बघेल आणि कंट्रोलर पुढे करेल. तेव्हा तो घेऊ नका. बटण किंचित आधी दाबून बघ, एवढंच सांगा.